फक्कीचं विमान

“साहेब, विमानावरनं शेळ्या गेल्या,” नायब सुभेदार सर्जेराव डुबलनं सॅल्यूट ठोकून रिपोर्ट दिला. चेहरा अगदी गंभीर. त्याच्या मागं उभी असलेली पोरं मात्र ओठ दाबून हसत होती.

मी खडकीच्या त्या मैदानाकडं बघितलं. उजाडताच उठून, दोरी लावून, मी स्वतः चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आखलेलं विमान मधोमध फाटलं होतं. विमान म्हणजे मालवाहू विमानाच्या पोटाची लांबी-रुंदी, जशीच्या तशी. नदीच्या बाजूनं चरायला आलेला कळप तिरका गेला होता आणि शेपटीकडचा भाग तर दिसतच नव्हता.

“मग परत आखा,” मी म्हणालो.

“परत?”

“ते विमान आहे हे शेळ्यांना माहीत नव्हतं. तुला तर माहीत आहे ना?”

डुबल फक्कीची पाटी उचलून चालू लागला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा सॅपर्सच्या एका कंपनीत सुभेदार होतो. सॅपर म्हणजे फौजेतले बांधणारे लोक. पूल टाकायचे, रस्ते काढायचे, पाणी आणायचं, आणि वेळ आली तर दुसऱ्यानं पेरलेले सुरुंग हातानं उकरून काढायचे. माझं नाव निवृत्ती खोपडे, गाव भोरच्या वरच्या अंगाला. नावावरून पलटणीत पुष्कळ थट्टा झाली. भरती झालो त्या दिवशीच कवायतीचा उस्ताद म्हणाला होता, “आत्ता आलास आणि आत्ताच निवृत्ती?” त्या वर्षी मात्र थट्टा खरी व्हायला आली होती. माझी पेन्शन अगदी तोंडावर होती.

दोनेक वर्षांपूर्वी वरून हुकूम आला होता, की आमच्या कंपनीनं कायम तयार राहायचं. समुद्रापलीकडं कुठं भूकंप झाला, पूर आला आणि त्या देशानं मदत मागितली, की तसंच उठून विमानात बसायचं आणि उतरल्या-उतरल्या कामाला लागायचं. हुकूम चार ओळींचा. पण कंपनीचा बारदाना केवढा! लोखंडी पूल आणि त्याच्या शेकडो वस्तू, हत्यारं, जनरेटर, तंबू, रेशन, आणि वर माणसं. हे सगळं ट्रकनं न्यायची आम्हाला सवय. सामान उरलं तर मागं आणखी एक ट्रक लावता येतो. विमानाच्या मागं काही लावता येत नाही.

आमचे कंपनी कमांडर होते मेजर निनान. केरळचे. मराठी ते जवानांकडून शिकले, त्यामुळं शब्द सगळे आमच्या मातीतले आणि व्याकरण स्वतःचं. फौजेत ऑफिसरही सुभेदाराला साहेब म्हणतात. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला विचारलं, “खोपडे साहेब, हा आपला कंपनी विमानात कसा बसेल?”

“विमान बघायला मिळेल का सर?”

“नाही भेटणार. ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी भेटेल.”

“मग आखून घेतो,” मी म्हणालो.

पहिल्या सरावाला सकाळी सुरुवात केली ती दिवेलागण झाली तरी सामान फक्कीच्या आत मावेना. मावलं तेव्हा लक्षात आलं, की पुलाच्या पिना सगळ्यांच्या तळाशी, तांदळाच्या गोण्यांखाली गेल्यात. या पिनांशिवाय पुलाची दोन पॅनेलं, म्हणजे लोखंडी चौकटी, एकमेकांना जोडताच येत नाहीत. म्हणजे परक्या देशात उतरायचं, लोक वाट बघत उभे, आणि आम्ही आधी तांदूळ उतरवत बसणार. मेजर साहेबांनी सगळीकडं एक फेरी मारली आणि एवढंच म्हणाले, “परत.”

तिथून आम्ही कंपनीची घडीच बदलली. जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. प्रत्येक पेटीला रंग दिला, प्रत्येक पेटीचा एक मालक ठरवला. सुतार वेल्डिंग शिकला, ड्रायव्हर मलमपट्टी शिकला, लंगरातला आचारी पॅनेलच्या दांड्याला खांदा लावायला शिकला. एका पॅनेलला सहा माणसं लागतात. त्यातला कुठलाही एक आजारी पडला तर सातवा कोण, हे आठव्यालाही माहीत असायला हवं, असं मी सांगायचो. शेजारच्या कंपन्यांतले लोक जाता-येता विचारायचे, “काय खोपडे साहेब, उडालं का विमान?”

डुबलला हे सगळं पोरखेळ वाटायचं. तो कऱ्हाडचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आखाड्यात तयार झालेला. आवाज असा की मैदानाच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाचा माणूस सावध व्हावा. कामाला वाघ, पण तोंडाला लगाम नाही. एकदा सामान चांगलं पटापट चढलं, पोरं खूश झाली. मी फिरून बघितलं तर पूल ज्यांच्यावरून पुढं ढकलतात त्या रोलरची जड पेटी ठरल्या जागेपासून हातभर सरकलेली.

“उतरवा सगळं,” मी म्हणालो.

डुबल पुढं आला. “साहेब, पेटी सरकवली की झालं. सगळं उतरवायचं काय कारण?”

“विमानात तोल जाईल.”

“हे मैदान हाय साहेब. जमिनीचा कसला तोल जातोय?”

पोरं हसली. मी पुढं झालो आणि पहिली गोणी स्वतःच्या पाठीवर घेऊन उतरवली. मग भर उन्हात सगळ्यांनी सगळं उतरवलं आणि सगळ्यांनी सगळं परत चढवलं. त्या दिवसापासून डुबल माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मीही त्याच्याशी तेवढंच.

आणि मग एका सकाळी खरोखरचा हुकूम आला.

एका बेटावर वादळ झालं होतं. देशाचं नाव मी सांगत नाही, फौजेतली सवय जात नाही. डोंगरातून पाणी आलं आणि नदीवरचा पूल वाहून गेला होता. नदीच्या एका अंगाला बंदराचं गाव, त्यात इस्पितळ आणि धान्याची गोदामं. दुसऱ्या अंगाला खेडी, त्यात हजारो माणसं अडकलेली. होड्या नदीच्या धारेत टिकत नव्हत्या. मेजर साहेबांनी कंपनी गोळा केली आणि सांगितलं, “दोन विमान मिळणार. एकात पूल, एकात आपण आणि मशीन. संध्याकाळच्या आत लोहगावला पोचायचं.”

पुढचं मी आयुष्यात विसरणार नाही. कुणी कुणाला काही विचारलं नाही. शिट्टी वाजली आणि जो तो आपापल्या पेटीकडं गेला. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत ट्रक रांगेत उभे होते, वरून दोर आवळलेले. शेजारच्या कंपनीतले लोक कामं सोडून रस्त्याच्या कडेला येऊन बघत होते. त्या दिवशी कुणी विमानावरून थट्टा केली नाही.

निघण्याआधी मी घरी फोन लावला. आमच्या मंडळींचं नाव शालन.

“खरंच विमानानं जाणार?” तिनं विचारलं.

“हो.”

“समुद्रावरून?”

“समुद्रावरूनच. मधे दुसरं काही नाही.”

ती हसली. मागं एकदा आफ्रिकेत शांतिसेनेबरोबर जायची माझी संधी आली होती, तेव्हा ऐन वेळी मला कावीळ झाली. पथ्याचा पांढरा भात खात मी बाकीच्यांची पत्रं वाचली होती. ते तिलाही माहीत होतं. “बरं झालं,” ती म्हणाली. “पेन्शनीत जायच्या आधी एकदा मिळालं. आता सगळ्या वाडीला सांगते. आणि हे बघा, माझ्यासाठी तिथून काही आणू नका. ती माणसं आधीच अडचणीत आहेत.”

लोहगावला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. विमान उभं होतं, मागचं दार उघडं, आतला भाग गुहेसारखा. एक जवान चढून आत गेला, सरळ चालत एका जागी थांबला आणि ओरडला, “साहेब, भिंत इथंच हाय बघा! आपल्या रेघेवरच!” सगळे हसले. मलाही हसू आलं.

पण विमान एकच होतं.

मेजर साहेब आत ऑफिसात गेले होते. ते आले तेव्हा त्यांच्या चालण्यावरूनच मला कळलं. “दुसरा विमान डॉक्टर लोक घेऊन जाणार,” ते म्हणाले. “औषध, पाणी साफ करायचं सामान. ते बरोबर आहे. पण आता आपल्याला एकच.”

“आणि पूल, सर?”

“पूल पुरा जाणार. पुलातलं अर्धं नेऊन काय करायचं? अर्धा पूल कुठंच जात नाही.” ते थोडा वेळ ट्रकांच्या रांगेकडं बघत राहिले. सगळ्यांत शेवटी आमचं खोदकामाचं मशीन उभं होतं, पिवळंधमक, कालच धुतलेलं. त्याचा ऑपरेटर हवालदार मुजावर टायरला हात लावून उभा होता. मिरजेकडचा माणूस, मशीनशी बोलणारा. मेजर साहेब त्याच्याकडं गेले.

“मुजावर, तुझा मशीन राहिला.”

मुजावरचा चेहरा उतरला. “आणि मी, सर?”

“तू येणार.”

“मशीन नाही तर मी येऊन काय करू?”

“मशीन जे करणार होता ते.”

मुजावरनं एकदा मशीनकडं पाहिलं, एकदा विमानाकडं. मग मागच्या ट्रकवर चढला आणि एक फावडं काढून घेऊन खाली आला. दांडा घट्ट आहे का ते त्यानं आपटून बघितलं.

मशीन काढलं, तंबू निम्मे काढले, रेशन कमी केलं, तरी वायुदलाचा वजन बघणारा माणूस मान हलवत होता. भला माणूस होता, पण विमानाच्या बाबतीत दयामाया नव्हती. मग मेजर साहेबांनी मला बाजूला घेतलं. पंखाच्या सावलीत आम्ही दोघं उभे राहिलो.

“मशीन नाही, म्हणजे सगळं हातानं उचलायचं,” ते म्हणाले. “मला उचलणारा माणूस पाहिजे. एक-एक जागा पाहिजे. तुमच्या दोघांतला एकच नेता येईल. तुम्ही नाहीतर डुबल. कोण, ते तुम्ही सांगा.”

“हुकूम तुमचा चालेल सर.”

“नाही साहेब.” त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. “मी हुकूम दिला तर मी तुम्हालाच नेणार. दोन वर्ष तुम्ही हा मेहनत केला. दुसरं नाव माझ्या तोंडातून येणार नाही. म्हणून मी हुकूम नाही देत.”

ते गेले. मी तिथंच उभा राहिलो. सामान चढत होतं. खरं सांगतो, पहिला विचार माझ्या मनात आला तो स्वतःचाच आला. मीच जाणार, दुसरं कोण? घडी मी बसवली, पेट्या मी रंगवल्या, आणि सगळ्या वाडीला एव्हाना कळलंही असेल. डुबलला पुढं पुष्कळ नोकरी होती. त्याला अजून संधी येतील. मी आत जाऊन हेच सांगणार होतो. दोन पावलं टाकलीही.

तेवढ्यात डुबलचा आवाज आला, “धर… उचल… चल!”

पोरं पॅनेल चढवत होती. सहा माणसं, दांडे खांद्याला, पावलं एकत्र. मी बघत राहिलो. त्या सहाही जणांचे डोळे डुबलवर होते. तो ‘धर’ म्हणायच्या आधी श्वास घ्यायचा, आणि तो श्वास त्यांच्या छातीत जायचा. मी तिथून जवळच उभा होतो, पण मी आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. पेटी कुठली आणि जागा कुठली हे मी शिकवलं होतं, आणि ते त्यांच्या अंगात मुरलं होतं. आता तिथं नदीच्या काठावर, चिखलात, दमलेल्या माणसांना परत एकदा वाकायला लावणारा आवाज हवा होता. तो माझ्याजवळ नव्हता. दोन वर्षं रोज बघून मला हे दिसलं नव्हतं, ते त्या क्षणी दिसलं.

मी डुबलला बोलावलं. तो घाम पुसत आला आणि माझ्या आधीच बोलला, “मला कळलंय साहेब. एकच जाणार. तुम्ही जावा. मला काय, अजून लई वर्षं हायेत. आणि मैदानात मी तवा जे बोललो…”

“त्या बोलण्याचा इथं काही संबंध नाही. मी विचारतो त्याचं उत्तर दे. पलीकडचा काठ मऊ लागला तर?”

तो गोंधळला, पण उत्तर लगेच आलं. “मागं सरायचं. घट्ट जमीन लागंपर्यंत उकरायचं, दगड भरायचा, वर लाकूड, मग रोलर.”

“पूल ढकलताना नाक खाली झुकायला लागलं तर?”

“थांबायचं. मागं वजन वाढवायचं. घाई करायची न्हाई.”

“आणि पोरं दमली तर?”

“आधी चहा. मग शिव्या.”

मला हसू आवरलं नाही. “जा,” मी म्हणालो. “तू जातोयस.”

  “साहेब, घरी सांगितलं असंल तुम्ही…” तो पुटपुटला.

“सामान चढव डुबल. उजेड चाललाय.”

माझी पिशवी विमानात आधीच चढली होती. ती मी स्वतः जाऊन उतरवून आणली. आत पोरं बाकांवर दाटीवाटीनं बसली होती. पिशवी हातात घेऊन मी मागच्या दाराच्या उतारावर आलो तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आणि बोलणं थांबलं. मुजावर फावडं दोन गुडघ्यांत धरून बसला होता. तो उभा राहिला. मग एकेक करून सगळेच उभे राहिले. मी म्हणालो, “बसा, तोल जाईल.” कुणी हसलं नाही.

मेजर साहेब दारात होते. त्यांनी माझा हात हातात घेतला. “नक्की?”

“नक्की सर.”

“मग मला चिंता नाही,” ते म्हणाले. थोडा वेळ तो हात त्यांनी सोडला नाही.

दार बंद झालं. विमान लांब जाऊन वळलं, धावलं आणि उचललं गेलं. मी, काही जवान आणि ते पिवळं मशीन खाली राहिलो. कुणीतरी म्हणालं, “चला साहेब.” आम्ही रिकाम्या ट्रकांतून परत आलो.

दुसऱ्या दिवशी शालनचा फोन आला. तिला कुठून तरी कळलं होतं. “गावात काय सांगू आता?” तिनं विचारलं. रागानं नाही, पण आवाज बसला होता.

“सांग की माझी माणसं गेली.”

“आणि तुम्ही?”

“मी पाठवली.”

 “जेवताय ना वेळेवर?” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कंपनी ऑफिसात एकच टेलिफोन होता. मी त्याच्याजवळ खुर्ची टाकली आणि पुलाचे नकाशे टेबलावर पसरले. मेजर साहेब सॅटेलाइट फोन घेऊन गेले होते. काही अडलं की विचारतील, असं धरून मी बसलो होतो. काय अडू शकेल त्या सगळ्याचा मी विचार करून ठेवला. काठ ढासळला तर हे, पाणी वाढलं तर ते, एखादी पेटी हरवली तर तिच्याऐवजी कुठली वस्तू चालेल. उत्तरं तयार होती. ऑफिसातला क्लार्क हवालदार तांबट मला चहा आणून द्यायचा आणि फोन वाजला की माझ्याआधी दचकायचा. पण ते फोन भलतेच असायचे. कुणी रजेबद्दल विचारायचा, कुणी रेशनबद्दल. टीव्हीवर त्या बेटाची चित्रं यायची. मातकट पाणी, पाण्यातून वर आलेले पुलाचे दोन मोडके खांब, छपरांवर बसलेली माणसं. आमचं कुणी त्यात दिसलं नाही.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. सरळ सांगतो, वाटलं. जेवताना वाटलं, आंघोळ करताना वाटलं. एकदा तर वाटलं, डुबलला काही अडावं. मोठं नको, थोडंसं. मी इथून सांगेन आणि ते सुटेल. असा विचार मनात आला आणि त्याची मलाच लाज वाटली.

तो फोन आला तेव्हा सकाळची परेड नुकतीच संपली होती. तांबटनं उचलला, ताठ उभा राहिला आणि रिसीव्हर माझ्यापुढं धरला. “डुबल साहेब!”

आवाज लांबून, थांबून-थांबून येत होता. आपण बोलायचं आणि मग ते बोलणं आभाळात जाऊन परत येईपर्यंत वाट बघायची.

“बोल डुबल,” मी पेन्सिल उचलली. “काय अडलं?”

 मग तो म्हणाला, “काय न्हाई अडलं.”

“मग?”

“काय विचारायचं न्हाई साहेब. नुसतं सांगायला फोन केलाय. मेजर साहेब म्हणाले, पयला फोन खोपडे साहेबांना, मग वरच्यांना. पूल झाला.”

माझ्या हातात पेन्सिल तशीच राहिली.

“साहेब? ऐकू येतंय न्हवं?”

“येतंय. काठ कसा होता?”

“जुन्या पुलाच्या जागंवर काठच न्हवता. सगळा गेलेला. मग वरच्या अंगाला चालत गेलो, तिथं नदी जरा आखडल्याली. पण पलीकडं चिखल. मशीन न्हाई. मुजावर आधी उतरला चिखलात, छातीपतुर. आम्ही मागनं. मग गावातली माणसं आली, बाया आल्या. त्यांची भाषा आपल्याला येईना, आपली त्यांना. त्यांनी नारळाचे बुंधे आणून टाकले वाटंवर. तुम्हाला सांगतो साहेब, आता इथली पोरंबी ‘धर, उचल, चल’ म्हणत्यात.”

“रोलर कुठं बसवले?”

“मागं घेतले.”

“किती मागं?”

“तुम्ही जेवढे घेतले असते तेवढे.”

 टेबलावर नकाशे पसरलेले, समोर तांबट डोळे मोठे करून उभा. मी विचारलं, “सगळे धड आहेत?”

“धड हायेत. आचाऱ्याचा पाय मुरगळलाय, तरी उभा राहून भात करतोय.” मग त्याचा आवाज जरा बदलला. “साहेब, एक सांगू का? पेट्या उतरवताना कुणी एका शब्दानं विचारलं न्हाई, ही कुठली आणि ती कुठं. पिना पयल्या बाहेर आल्या. इथले त्यांचे एक ऑफिसर बघत होते. त्यांनी मेजर साहेबांना विचारलं, तुमची ही माणसं याआधी कितीदा परदेशात गेल्यात? मेजर साहेब म्हणाले, कधीच नाही.”

“बरं.”

“थांबा साहेब, ठेवू नका. पयली गाडी येतीया. पाण्याचा टँकर हाय. ऐका.”

त्यानं फोन बहुतेक पुलाच्या दिशेनं धरला. आधी नुसता वारा आला, खूप माणसांचा गलका आला. मग ते सुरू झालं. लोखंडी पुलावर लाकडी फळ्या असतात आणि जड गाडी चढली की त्या एकामागून एक वाजतात. सैल फळी असेल तर मधेच खण्ण असा वेगळा आवाज निघतो. मी डोळे मिटून ऐकत होतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फळ्या वाजत गेल्या, सारख्या, एका लयीत. मधे कुठंही वेगळा आवाज आला नाही. मग टँकर मातीवर उतरला असणार, कारण फळ्या थांबल्या आणि माणसांचा एवढा मोठा ओरडा उठला की मला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला.

लाइन तुटली. मी रिसीव्हर जागेवर ठेवला.

“काय म्हणत होते साहेब?” तांबटनं घाईघाईनं विचारलं. “काय अडलंय त्यांचं? काय विचारत होते?”

“काही नाही,” मी म्हणालो. “काहीच विचारलं नाही त्यांनी.”

आणि ते मी अशा आवाजात म्हणालो असणार, की तो बिचारा टाचा जुळवून सावधान उभा राहिला.